डाव्या डोळ्याला लावू नकोस

११ तारीख, बुधवार, दुपार

ताई,

नमस्कार. रागावली असलीस तरी हे पत्र ठेवून घे, परत पाठवायला तुझ्याकडे माझा पत्ता नाही. मी बरा आहे. सध्या एका ट्रकवाल्याबरोबर फिरतोय, खुर्च्या चढवतो, खुर्च्या उतरवतो. माणूस भला आहे, फक्त चढ लागला की गातो. काल तर एक मांजर खुर्चीवर बसून या गावातून त्या गावात आली, आणि उतरताना आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तुझीच आठवण झाली.

असो. मी दिलेली पापण्यांच्या गोंदाची पेटी उघडू नकोस. शनिवारी तुझ्या पार्लरमध्ये नाचाच्या आठ मुली येतील, त्यांना खोट्या पापण्या लावताना काढीन म्हणाली होतीस. तुझा जुनाच गोंद वापर. का, ते विचारू नकोस.

विचारशीलच. तू आणि न विचारता ऐकणार.

दाजींनी लावून दिलेली गोंदाच्या कारखान्यातली नोकरी मी वासामुळे सोडली, असं सगळ्यांना सांगितलं. वास होताच. डोळ्यांतून पाणी यायचं. पण वासाने कोणी न सांगता पळत नाही. आमच्या शेडमध्ये नखांचा गोंद, म्हणजे खोटी नखं चिकटवायचा, मोठ्या कॅनमधून बाटल्यांत भरायचे. टेकवला की चिकटला, असा. एकदा तो माझ्या सुती पँटवर सांडला, तर कापड चटकन तापलं आणि मांडीला फोड आला. तेव्हाच अक्कल यायला हवी होती.

पापण्यांचा गोंद वेगळा असतो. तो एकदा संपला. मालक म्हणाला, "चिकटवणं ते चिकटवणं. नखांच्याच बाटल्यांना पापण्यांचं लेबल लाव." मी लावलं. सरळ रेषेत लावतो म्हणून मला शाबासकीही मिळाली. त्याच ढिगातली एक पेटी मी तुझ्यासाठी मागून घेतली. तुला पहिल्यांदाच काहीतरी द्यायचं होतं ना.

आमच्यात एक मुलगी होती, तिला सगळे चिमणी म्हणायचे. तिने चुलत बहिणीच्या लग्नाला जाताना त्यातलीच बाटली वापरली. पापणी मिटली ती उघडेना. घाबरून तिने ओढली. डॉक्टर म्हणाले, बुबुळाला ओरखडा आहे, नजरेचं पुढे बघू. ती डोळ्याला पट्टी बांधून पगार न्यायला आली आणि मला म्हणाली, "तुला माहीत होतं का रे?" मी म्हटलं, नाही. त्याच दुपारी निघालो.

ताई, तू नवीन काही आणलंस की आधी स्वतःच्या डाव्या डोळ्याला लावून बघतेस. तेही आदल्या दिवशी. म्हणजे शुक्रवारी. आणि कुरियरवाला म्हणतो पत्र शुक्रवारी पोचेल. "बहुतेक," असंही म्हणतो. त्या बहुतेकने माझी झोप उडवली आहे.

चुकून लावलाच असेल तर ओढू नकोस. कापसाने पुसू नकोस, कापूस तापतो. नखांचं पॉलिश काढायचं पाणी डोळ्याजवळ नेऊ नकोस. कोमट पाण्याने डोळा धुवत राहा आणि दाजींना घेऊन लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. हे सगळं मी चिमणीच्या डॉक्टरांना जाऊन विचारलं. चिमणीच्या घरापर्यंत मात्र गेलो नाही.

आता राहिलेलं. तू मला ब्लॉक केलंयस, तरी दाजींचा नंबर आहेच माझ्याकडे. सोमवारी लावला होता. त्यांनी उचलला, म्हणाले, "बोला साहेब, आठवण झाली आमची?" माझ्या तोंडून निघालं, "काही नाही, सहज." आणि ठेवला. त्यांच्या शब्दावर मला घेतलं होतं, आणि मी त्यांना तोंडघशी पाडलं. त्यांना सांगायचं म्हणजे लेबलं मीच लावली, हेही सांगायचं. तेवढ्यासाठी तीन दिवस मी तुझा डोळा पणाला लावलाय. लिहिल्यावर कळलं, केवढंसं होतं ते.

ट्रकवाला हॉर्न देतोय. पाकीट बंद करतो आणि ट्रकमध्ये चढायच्या आधी दाजींना फोन लावतो. या वेळी सहज म्हणणार नाही.

म्हणजे हे वाचशील तेव्हा तुला सगळं आधीच कळलेलं असेल. कळलेलं नसेल, तर मी पुन्हा घाबरलो असं समज, आणि बाटली उघडू नकोस.

तुझा,
लेबलं सरळ लावणारा भाऊ