नवरदेवाकडची ओळ

चिंचणी,
शुक्रवार, २८ एप्रिल १९६७

प्रिय चंद्रा विहीणबाई,

सगळ्यांत आधी आला तो शेजारचा नारू, आणि त्याच्या डोक्यावर एक काळी पेटी. आळीतली हिराबाई मला म्हणाली, शिलाईचं मशीन असेल, पुतळे, तुझ्या लेकीने पाठवलं असेल. मागून चपला हातात घेऊन वाळूतून चालत एक पारशीणबाई आली, आणि तिच्या मागे चष्मेवाला एक तरुण, एका हाताने नाक धरून, कारण परवा बुधवारी अंगणात सगळीकडे बोंबील टांगलेले होते. नारूने पेटी ओट्यावर ठेवली आणि मला म्हणाला, काकी, तुझा आवाज आणलाय. आता हे कसलं बोलणं. माझा आवाज माझ्याजवळच आहे, असं मी त्याला म्हटलं, आणि तो किती मोठा आहे ते साऱ्या आळीला माहीत आहे.

तुला पत्र बघून नवल वाटेल. मी शिकले दुसरीपर्यंत, जोडाक्षर आलं की बोटं अडतात, आणि हे कालपासून लिहिते आहे. शांतीला सांगून लिहून घेतलं असतं, पण ती माझी लेक असली तरी तुझी सून आहे, आणि या पत्रात सुनेने वाचावं असं सगळंच नाही. ती आणि मोरू डहाणूला बरे आहेत. मोरूने या साली नव्या होडीत भागी घेतली. आपली हंसा वर्गात पहिली आली, आणि पहिली आल्याचं तिने आधी तुला झाईला कळवलं, मला नंतर. मनात म्हटलं, असू दे, एका नातीला दोन आज्या असल्या की असं व्हायचंच.

तर ती पारशीणबाई म्हणजे डहाणूच्या चिकूवाल्या बावाजीची लेक, खोर्शेद. तुला बावाजी आठवतात ना? आपण दोघी बाजारात शेजारी शेजारी बसायचो, तेव्हा ते काठी टेकत यायचे आणि तुझ्याकडची कोलंबी बघून माझ्याकडून सुकट घ्यायचे. ते मागच्या साली गेले. त्यांच्या कपाटात फितींची चक्रं निघाली, प्रत्येक डबीवर नाव घातलेलं. कुणी भजन गायलेलं, कुणी तारपा वाजवलेला, आणि एका डबीवर माझं नाव, पुतळी चिंचणीवाली, साल बावन्न.

बावन्न सालची गोष्ट मी तुला तेव्हाच सांगितली होती, पण अर्धीच. शांती आणि मोरूच्या लग्नाला वर्ष झालं होतं. त्या लग्नात आपण दोघींनी मांडवात उभ्या उभ्या, एक ओळ माझी आणि उत्तराची तुझी, असं जे गाणं बांधलं ते बाजारात कुणी तरी बावाजींच्या कानावर घातलं. त्यांनी मला वाडीवर बोलावलं. विहिरीच्या पंपाचं इंजिन लावून त्यावर ते आवाज भरायचं मशीन चालवायचे. मी खाली चटईवर बसले, पुढे एक गोल जाळीचं बोंडूक ठेवलं, आणि मी गायले.

माझी लेक गं लाडाची, तिला टोपली उचलना.

आणि गप्प बसले. बावाजी वाट बघत राहिले. मी पण वाट बघत राहिले, जेवढा वेळ तुमच्या रांगेला उत्तर द्यायला लागतो तेवढा. मग दुसरी ओळ घेतली.

माझी लेक गं झोपाळू, तिला पहाट कळना.

आणि पुन्हा गप्प. बावाजींनी मशीनला दोन थापा मारल्या, तारा हलवून बघितल्या. त्यांना वाटलं, मशीन बिघडलं. मी सांगितलं, मशीन बरं आहे, पुढची ओळ नवरदेवाकडची आहे. ते म्हणाले, मग ती पण तूच गा. मी त्यांना म्हटलं, "बावाजी, लेक मीच द्यायची आणि मागायला पण मीच यायचं?" ते इतके हसले की ठसका लागला. मग म्हणाले, बरोबर छे, जशी आहे तशी राहू दे. असं ते गाणं भोकं पडलेल्या जाळ्यासारखं फितीवर गेलं.

हे सगळं मी तुला सांगितलं तेव्हा तू कपाळाला हात लावून म्हणालीस, मला सोबत न्यायचं होतंस, मुकी विहीण कशाला नेलीस. आपण हसलो. मी तुला सोबत का नेलं नाही हे तेव्हा तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही.

त्यानंतर मी पुष्कळ गाणी बांधली. बोंबील टांगताना बांधली, होडीची वाट बघताना बांधली, शांती बाळंत झाली तेव्हा पाच बांधली. त्यांतली दहा-बारा बावाजींनी घेतली, मी एकटीच गायलेली. त्यांत कुठे भोक नव्हतं. ती सगळी एकाच तोंडाची गाणी. चांगली आहेत, पण चंद्रा, एकही गाणं कुणी मला पुन्हा गा म्हणून मागितलं नाही. मागायचे ते तेच, टोपलीचं.

मग अठ्ठावन्न साल. हे तुला ठाऊक आहे, तरी मी माझ्या बाजूने सांगते. सदानंद बेंडवाल्याने ठरवलं की कुठल्या कंपनीच्या पाया पडायचं नाही, आपल्या गाण्याची प्लेट आपणच काढायची. मुंबईला एक खोली होती, तिथे तासावर मशीन मिळायचं. एक क्लॅरिनेट, दोन ढोल, एक पिपाणी, झांजवाला चैत्या आणि मी. खोलीला गाद्या लावलेल्या, जीव गुदमरला. सदानंद म्हणाला, काकी, प्लेट तीन मिनिटांची, त्यात मुकं बसायला जागा नाही. आधी त्याने तुझ्या ओळींच्या जागी क्लॅरिनेट घातलं. ते ऐकून खोलीवाला म्हणाला, बाई काहीतरी विचारते आणि पिपाणी रडते, हे काय. मग सदानंद म्हणाला, उत्तरं पण तूच गा, कुणाला कळतंय.

मी गायले. अर्धी टोपली माझी गं, तिचा पदर भिजना. आमचा कोंबडा बहिरा, तो बी पहाटे उठना. तुझ्यासारखं नाकातून, तुझ्यासारखी मान वळवून. खोलीवाला पण हसला. प्लेटवर छापलं, पुतळीबाई आणि पार्टी. वीस प्लेटा काढल्या आणि त्या भोंग्यावरून वाणगावपासून उंबरगावपर्यंत वाजल्या.

आणि वाजली ती तुझ्याच मांडवात, तुझ्या धाकट्याच्या लग्नात. मी पंगतीत तुझ्या समोर बसले होते. भोंग्यातून कोंबड्याची ओळ आली, सगळी पंगत हसली, आणि तू हातातला घास ताटात ठेवलास. उठलीस. मोठ्याने नाही, पण मला ऐकू येईल एवढ्याने म्हणालीस, "दोन्ही पंगतींना हीच जेवली." आणि आत गेलीस. त्याला नऊ वर्षं झाली. मधे राज्यं वेगळी झाली, उंबरगाव तिकडे गेलं, तुमची झाई इकडे राहिली, आणि लोक म्हणायचे, हद्द तिथे पडली. मी म्हणायचे, आमची हद्द आधीच पडली होती.

मी सगळ्यांना सांगत आले की चंद्राला निरोप धाडला होता, तीच आली नाही, मग काय करणार. मोरूला पण हेच सांगितलं. त्याने ते खरं धरलं, चांगला मुलगा आहे.

आता परवाचं. खोर्शेदबाईने पेटी उघडली, चक्र चढवलं, आणि माझा पंधरा वर्षांमागचा आवाज ओट्यावर आला. काय सांगू, किती पातळ होता, नव्या साडीसारखा. आळीतल्या सगळ्या बाया गोळा झाल्या. हिराबाई म्हणाली, ही कोण पोरगी गाते, बरी गाते की. मला एवढा आनंद झाला की मी नारूला सगळ्यांसाठी चहा सांगितला आणि त्यात आलं घालायला विसरू नको म्हणाले.

मग पहिलं भोक आलं. पंधरा-वीस बाया ओट्यावर, आणि सगळ्या गप्प. गाणं प्रत्येकीला पाठ. पण आम्ही सगळ्या चिंचणीच्या, सगळ्या नवरीकडच्या. कुणाच्या तोंडातून ओळ निघेना. सगळ्या पायरीकडे बघायला लागल्या, जशी तिथून नवरदेवाकडची रांग आत येणार आहे. फितीत इंजिनाची धकधक, एक कावळा, आणि हळूच बावाजींचा खोकला.

खोर्शेदबाईने तिथे बोट ठेवलं आणि फीत मागे घेतली. पुन्हा तेवढाच तुकडा लावला. दुसऱ्या भोकात तर बावाजी बोललेले आहेत, स्वतःशीच, चाले छे के, म्हणजे चालतंय का? तेवढं तिने तीनदा ऐकलं. मला वाटलं होतं ती माझ्या गाण्यासाठी आली. ती आली होती ती माझ्या गप्प बसण्यासाठी. बापाचा आवाज तिच्याकडे दुसरीकडे कुठेच नाही, सगळ्या फितींत तो दुसऱ्यांना गायला सांगून गप्प बसलेला. म्हणाली, ही फीत मी अशीच ठेवणार, यात कुणी काही भरायचं नाही.

पण तो चष्मेवाला तरुण, तिचा मामेभाऊ, मुंबईला अशीच गाणी जमवतो. त्याने विचारलं, पूर्ण गाणं नव्या फितीवर मिळेल का. आणि हिराबाई, तिची जीभ तू ओळखतेस, लगेच म्हणाली, मिळेल की, आमची पुतळी प्लेटवर दोन्हीकडून गायली आहे, आता काय तिला जड आहे. सगळ्या हसल्या. तरुणाने माझ्यापुढे बोंडूक ठेवलं.

मी ते परत त्याच्याकडे सरकवलं आणि म्हटलं, "ती ओळ चंद्राची आहे. चंद्रा झाईला राहते." नऊ वर्षांत आळीसमोर ती ओळ तुझी आहे असं मी म्हटलं नव्हतं. हिराबाईने पदराने तोंड पुसलं आणि चहाचे कप गोळा करायला लागली.

आता एक गोष्ट. तू कोंबड्याच्या ओळीला उठलीस, म्हणून पुढचं ऐकलं नाहीस. शेवटी मी विचारते, माझी लेक गं रडेल, तिला माहेर सुटना. लग्नात इथवर सगळे हसत होते, आणि तू रांगेतून पुढे येऊन शांतीकडे बघत गायलीस, रडू दे गं कुशीत, मी बी लेक कुणाची ना. मग कुणी हसलं नाही. मुंबईच्या खोलीत ती ओळ गायला मी तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. तीनदा. शेवटी सदानंदाने तिथे क्लॅरिनेट घातलं. प्लेटवर तुझी तिसरी ओळ नाही. दोन चोरल्या, तिसरी चोरता आली नाही. ही सफाई म्हणून सांगत नाही. दोन चोरल्या त्या चोरल्याच.

आणि निरोप मी धाडलाच नव्हता. ना बावन्नला, ना अठ्ठावन्नला. लग्नात लोक हसले, गप्प झाले, ते तुझ्या उत्तरांना. माझे नुसते प्रश्न होते. एकदा मला वाटलं, आपलं एकटीचं ऐकलं जावं. ऐकलं गेलं, पंधरा वर्षं, आणि परवा ओट्यावर बसून मी पण ऐकलं. त्यात तू नाहीस हेच सगळ्यांत मोठ्याने ऐकू येतं. म्हणून हे पत्र. उशिराचा निरोप समज. मनात राग असेल तर तो पण घेऊन ये, उत्तराच्या ओळीत घाल, तुला ते जमतं. डबीवर तुझं नाव आधी घालायचं, मी त्या तरुणाला सांगून ठेवलं आहे. घोलवडला सकाळची गाडी धर, वाणगावला नारू टांगा घेऊन उभा राहील. ती माणसं महालक्ष्मीची जत्रा उठली की पूर्ण गाणं भरायला मेच्या दहा तारखेला, बुधवारी, दुपारी येतो म्हणून सांगून गेली आहेत.

तुझीच,
नवरीकडची पुतळी