दोन वेण्यांची वाटणी

मी, विमलबाई मधुकर आरोलकर, वय ५८, पूर्वीची सिनेनटी, राहणार वाशी, नवी मुंबई, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाचेही दडपण नसताना हे लिहवून ठेवते. हात कापतो, म्हणून अक्षर सुचित्राचे. शब्द माझे.

१. वाशीचा फ्लॅट व बँकेतली शिल्लक सुचित्राला. नात्याचा खुलासा कलम ५ मध्ये.

२. पुतण्या सुधीर, कोपरखैरण्याचा व्हिडिओ लायब्ररीवाला, यास काहीही नाही. गणपतीत त्याने मला हल्लीचे कॉलेजच्या पोरांचे चित्र दाखवले. नायिका खरीच सोळा-सतराची. बापाला उलट बोलते, मोटारसायकलवर बसून निघून जाते, रडल्यावर नाकही पुसते. मग माझे जुने चित्र लावून हा हसत सुटला. "काकू, तुमी सोळाच्या? काय टेन्शन नाय, काय नाय, नुसत्या दोरीच्या उड्या!" खरे आहे. आमच्या चित्रांतल्या सोळा वर्षांच्या मुलीला राग येत नसे. बाप दाखवील त्या मुलाकडे पाहून ती लाजे. पण ते मी म्हणावे, त्याने नव्हे.

३. दिग्दर्शक रावसाहेब यांस माझा चष्मा. १९६४ साली मी पस्तिशीची असताना ते सेटवर सर्वांदेखत म्हणाले, "विमलबाई, कॅमेरा जरा लांबच ठेवतो." मग माझा डबा घेऊन आलेल्या सुचित्राकडे बोट दाखवले. "ही कोण? हिलाच उभी करू की." ती खरीच सोळाची होती. मी म्हटले, "धाकटी बहीण माझी. तिला काही येत नाही." तोंडाला सवय राहावी म्हणून घरातही तिच्याकडून मला 'ताई' म्हणवून घेतले.

४. पेटीतल्या दोन खोट्या वेण्या, म्हणजे गंगावने, लाल रिबिनींसह सुचित्राला. त्याच आठवड्यात मी तिचे कमरेपर्यंतचे केस कात्रीने कापले आणि त्यांचीच ही गंगावने करवली. ती लावून आणखी चार चित्रांत सोळाची झाले. सुचित्रा वर्षभर डोक्याला रुमाल बांधून हिंडली. ती माझ्याहून चांगली नटी झाली असती, हे मला दिसले होते, म्हणूनच कापले. पश्चात्ताप नाही. माल तिचा, तिला परत.

५. वकील म्हणतात, नाते खरे लिहा. सुचित्राने आत्ताच विचारले, "ताई, नातं काय लिहू?" सबब लिहवते की, सदर सुचित्रा ही माझ्या पोटची एकुलती एक मुलगी आहे. तेवीस वर्षांनी हे उच्चारले. मी तिला म्हटले, "एकदा आई म्हण." ती म्हणाली, "पुढचं सांग."

पुढे काही नाही. वाचून दाखवले, ऐकले, बरोबर आहे.

वाशी, ता. १२ नोव्हेंबर १९८७

सही : विमलबाई मधुकर आरोलकर

साक्षीदार :
१. डॉ. अरविंद खानोलकर
२. गंगाराम म्हात्रे, सोसायटीचे सेक्रेटरी

लिहिणार : सुचित्रा
लिहून देणारीशी नाते : बहीण