ईरप्पा हिमनदी

४ मे
नकाशावर अठराव्या हिमनदीची कड ओढत होते, तेव्हा कचेरीतले सिद्धूसर मागून म्हणाले, प्रतीक्षा, लई घाई करू नगंस, बर्फ कुटं पळून जात न्हाय. सगळे हसले. आजच रुजू झालेय. बाहेर सोलापूर त्रेचाळीस अंशांवर, आत पडद्यावर उत्तर ध्रुवाजवळचं एक बेट. भुशिरं, खाड्या, बर्फ. माणूस नाही. उपग्रहाच्या चित्रांवरून रेषा ओढायच्या आणि नावं भरायची. नाव फक्त मेलेल्या माणसाचं, असा तिथला नियम. काम आवडलं.

५ मे
एका हिमनदीला नाव नव्हतं. रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे जाईना. तात्पुरतं आप्पांचं नाव टाकलं, हणमंत. मग फॉर्मने मृत्यूची तारीख मागितली. काम पूर्ण करून द्यायची तारीख टाकली, १३ मे. संध्याकाळी तिकडून मंजुरी आली.

७ मे
गावाहून आप्पांचा फोन. अक्कलकोटकडे एवढं ऊन, आणि त्यांचे पाय गार पडलेत. घोंगडी घेऊन बसलेत.
सिद्धूसरांना सांगितलं. म्हणाले, तुजा बाप तितं बर्फावर घसरून पडणार हाय व्हय? पण नाव बदलू दिलं. ईरप्पा आजोबांचं घातलं. ते जाऊन अकरा वर्षं झाली. तारीख मात्र बदलता येत नाही.

८ मे
आप्पांचे पाय बरे आहेत. आजोबा आलेत, म्हणाले. ओसरीवर बसून कुडकुडतायत.

१० मे
तेराला मरायचं तर आधी जिवंत असायला हवं. म्हणून आले—
आप्पा खूश. आजोबा गेले तेव्हा आप्पा साखर कारखान्यावर होते. तोंडही बघायला मिळालं नव्हतं.

१२ मे
मी गावी आले. आजोबा ओसरीवरच. बोटं निळी. एवढ्या उन्हात श्वासाची वाफ दिसते.
आप्पांना सगळं सांगितलं. उद्या जात्याल, मला बी कळलंय की, म्हणाले. ह्या टायमाला एकटं सोडणार न्हाय.

१३ मे
दुपार. दोघं एका घोंगडीत. आप्पांचा हात आजोबांच्या हातातून सुटत नाही. ओढला. गार.
आप्पांचा दुसरा हात मी धरलाय. सोडणार नाही—

१४ मे
सकाळी घोंगडी रिकामी होती, माझी मूठही. ओसरी भिजलेली. आप्पांच्या चपला उंबऱ्यापाशी होत्या. त्या मी उचलून उन्हात ठेवल्या.