पाच वेळचं दूध

२८ जून ११८७
गिरार गेला! राजाचा हुकूम आला, गावातले सगळे पुरुष सुलतानाविरुद्ध लढाईवर. पाव आणि ऑलिव्ह बांधून दिले. बायकोपोराकडे वळून बघितलं नाही त्यानं. भीतीनं माझं दूधच आटलं. आन्सो जेमतेम दोन महिन्यांचा — नुसता रडतोय.

२९ जून, संत पीटरचा सण
बकरीचं दूध पाजलं. ओकला. सासूबाई म्हणतात, "धीर धर." कशाच्या जोरावर धरू?

३० जून
खालच्या मुसलमान वस्तीत गेले. विहिरीवरची मैमूना, तिची तान्ही अंगावर पिते. मी तोंड उघडायच्या आत तिनं आन्सोला ओढूनच घेतलं. "अगं ओडेलीन, वाळून चाललाय हा! आण इकडे." पोटभर प्यायला. झोपला!
घरी सासूबाईंनी त्याच्या ओठांना पवित्र पाणी लावलं. "तुर्काचं दूध! उद्या नमाज पढेल कार्टं."

२ जुलै
रोज दोनदा जाते. सासूबाई बडबडतात, पण पोराला गुंडाळून तयार त्याच ठेवतात.
आज मैमूना म्हणाली, "पाच वेळा पोटभर प्यायला. आता माझाही मुलगा झाला. आमच्यात असंच असतं. माझ्या भावाचा भाचा!" तिचा भाऊ खलफ सुलतानाच्या फौजेत आहे.
माझाही? पोर घेणार की काय माझं! उचललं आणि पळत आले.

४ जुलै
गेले नाही. पुन्हा बकरीचं. पुन्हा ओकला. रडण्यातही जीव नाही.

६ जुलै
मैमूनाच दारात! "रुसलीस होय?"
म्हटलं, "पोर माझं आहे."
"मग? मला माझी चार आहेत, त्यांनाच पुरे पडत नाही मी. नातं लागलं म्हणून कुणी पोर उचलून नेतं का? वेडी कुठली!"
पाजून गेली. जाताना हळूच म्हणाली, "तुमची फौज बुडाली म्हणतात."
गिरार!

९ जुलै
कुणीच परतलं नाही. सासूबाई वाटेकडे बघत बसतात. बडबड बंद.

१३ जुलै
मैमूनाच्या अंगणात आहोत. आम्ही तिघंच सुटलो.
सकाळी सुलतानाचे स्वार आले. सगळ्यांना चर्चपुढे उभं करून कमरेला दोर बांधले. बाकीच्यांना गुलाम म्हणून नेलं.
मैमूना धावत वर आली, एका स्वाराचा हात ओढत — तिचा भाऊ खलफ! सासूबाईंनी माझ्या हातातून आन्सोला घेतलं, खलफपुढे उंच धरलं आणि ओरडल्या, "आन्सो, बघ! मामा आला रे तुझा!"