योग्य अंतरावरचा पत्रा

४ मार्च, सकाळी ९.४०

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहायला हवी आणि ती दुसरं कोणी ठेवणार नाही. बावीस वर्षं मी लोकांच्या शोधांचे पेटंट अर्ज लिहितोय. पंप, झाकणं, बाटल्यांची टोपणं. आज पहिल्यांदाच घरचं काम येतंय. हिचे मोठे भाऊ, दादा, कोल्ड रूममध्ये फिटर आहेत. उणे पंचवीसमध्ये रोज सहा तास. त्यांनी काहीतरी शोधून काढलंय.

निश्चय: हा माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम अर्ज होणार.

४ मार्च, दुपारी

दादा येऊन गेले. सगळा शोध तीन मिनिटांत सांगितला. शोध लावणाऱ्यांना बोलता येत नाही, म्हणून तर आमच्यासारखे लागतात.

कोल्ड रूमच्या कॉइलवर, म्हणजे थंड नळ्यांवर, बर्फ साचतो. साचला की मशीन बंद करून वितळवायचा, तासभर खोळंबा, दिवसातून दोनदा. दादांनी कॉइलसमोर भोकं पाडलेला पत्रा लावला. आता बर्फ कॉइलवर न धरता पत्र्यावर धरतो आणि आपला आपण गळून पडतो. मशीन थांबत नाही. एवढंच. अंतर चाळीस मिलिमीटर, दोन इकडे दोन तिकडे चालतात, म्हणाले. घरी एका मोडीत काढलेल्या मशीनवर तीन वर्षं सुट्टीच्या दिवशी पत्रा पुढेमागे सरकवत बसले, तेव्हा हा आकडा सापडला म्हणे.

लिहून घेतलं. दादा गेल्यावर खोडलं. आकडा म्हणजे स्वतःभोवती कुंपण. चाळीस लिहिलं की उद्या कोणीतरी पंचेचाळीसवर पत्रा लावून मोकळा! (पंचेचाळीसवर पत्रा काहीच करत नाही असं दादा म्हणाले. तो तांत्रिक भाग झाला.)

क्लेम, म्हणजे शोधावरचा हक्क सांगणारं वाक्य, असा लिहिला: ‘कॉइलपासून योग्य अंतरावर बसवलेला, पुरेशी भोकं असलेला पत्रा.’ वाचून अंगावर काटा आला. या वाक्यातून कोणीही सुटू शकत नाही.

५ मार्च

हिने सकाळी पुन्हा बजावलं. दादांच्या छातीचं काही खरं नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, कोल्ड रूम सोडा. पण कंपनी नुसत्या फिटरला वर टेबलावर बसवायला तयार नाही. साहेबांनी शब्द दिलाय की पेटंट हातात पडलं की दादांना डिझाइन विभागात घेऊ. खिडकीजवळची जागासुद्धा दाखवून ठेवलीय. वहिनी गेल्यापासून दादा एकटेच राहतात, दोन गल्ल्या सोडून. रात्री त्यांच्या खोकल्याने खालचे लोक जागे होतात.

ही म्हणाली, तुम्ही नीट लिहाल ना? बावीस वर्षांनी हा प्रश्न!

७ मार्च

दादांचा निरोप: एकदा येऊन मशीन बघून जा. गेलो नाही. मशीन बघितलं की शब्द मशीनएवढेच होऊन बसतात. शिवाय मला थंडी सोसत नाही.

११ मार्च, सायंकाळी ५.१५

टायपिस्ट बाईंनी विचारलं, सर, इथे अंतर किती ते टाकायचं राहिलंय का? त्यांना बसवून नीट समजावलं. व्यापक क्लेम म्हणजे काय, संकुचित क्लेम म्हणजे काय, नवशिके कुठे घसरतात. चाळीस मिनिटं गेली. शेवटी बाई ‘बरं’ म्हणाल्या. बाईंची ‘बरं’ म्हणायची एक पद्धत आहे, ती मला आवडत नाही.

१४ मार्च

दादांनी अर्ज वाचला. चौदा पानं. म्हणाले, माझाच पत्रा मला ओळखू येईना. मी आभार मानले. मग विचारलं, चाळीस कुठे गेला? मी सांगितलं की तो अख्ख्या अर्जात अभिप्रेत आहे. दादा थोडा वेळ पानं उलटत राहिले. तुम्ही म्हणताय तर ठीकच असणार जावईबापू, म्हणाले आणि सही केली. हाताला तेलाचा वास होता. चांगला माणूस. या माणसासाठी काहीतरी करतोय याचं फार समाधान वाटलं.

१५ मार्च

अर्ज दाखल. चित्र बाईंनी काढलं होतं, ते त्यांनी चक्क मोजून काढलं होतं. मी खाली ‘चित्र प्रमाणात नाही’ असं छापायला लावलं. असे बारकावे अनुभवानेच सुचतात.

२० सप्टेंबर (पुढचं वर्ष, वही तीच)

अर्ज प्रसिद्ध झाला. आता जगात कोणीही तो वाचू शकतो. ही कौतुकाने दादांना दाखवायला गेली. दादा जिन्यात मध्येच बसले होते म्हणे. एका दमात दोन मजले होत नाहीत आता.

१८ जानेवारी (त्याच्या पुढचं)

पेटंट ऑफिसातल्या एक्झामिनरचं पत्र. ‘योग्य अंतर म्हणजे किती? पुरेशी भोकं म्हणजे किती? वर्णनातही कुठे सांगितलेलं नाही. क्लेम अस्पष्ट.’

एक्झामिनर तरुण असावा. शब्दाला शब्द चिकटवून वाचतात ही मुलं. उत्तराला सहा महिने आहेत. मला आठ दिवस पुरे.

२७ जानेवारी

सर्दी.

१६ फेब्रुवारी

उत्तराचा पहिला परिच्छेद तयार. त्यात एक्झामिनरच्या आकलनशक्तीबद्दल सौम्य शब्दांत लिहिलंय. मूळ मुद्दा दुसऱ्या परिच्छेदात घेईन.

९ एप्रिल

दुसरा परिच्छेद मनात तयार आहे. दादांनी विचारलं, काही कळलं का? मी म्हणालो, प्रक्रिया सुरू आहे. ते म्हणाले, उन्हाळ्यात बाहेरच्या गरमीतून एकदम आत शिरलं की छातीत कळ येते, म्हणून विचारलं. घाई करून अशी कामं होत नाहीत, हे मी त्यांना प्रेमाने समजावलं.

३ जुलै

सहा महिन्यांतले पंधरा दिवस उरलेत. बाई म्हणाल्या, सर, चाळीस घालून टाका की. मी मोठ्या मनाने विचार केला आणि म्हणालो, घालूया. माणसाने लवचीक असावं.

३ जुलै, तासाभराने

घालता येत नाही.

पहिल्या दिवशी अर्जात जे नव्हतं ते मागाहून घालता येत नाही, असा नियम आहे. नियम मला पाठ आहे. चोवीस वर्षं दुसऱ्यांना मीच शिकवतोय. चौदाच्या चौदा पानं पुन्हा वाचली, कुठे चुकून आकडा राहिलाय का बघायला. एकही नाही. पानांचे क्रमांक सोडून. चित्रावर मोजता येईल का, असं बाईंना विचारलं. त्यांनी चित्राखाली बोट ठेवलं. मी लिहायला लावलेल्या ओळीवर.

जेवण गेलं नाही.

५ जुलै

मार्ग सापडला! उत्तरात लिहिलं: ‘या धंद्यातल्या कोणत्याही जाणकाराला योग्य अंतर कोणतं ते आपोआप कळेल.’ बिनतोड. रात्री शांत झोप लागली.

१२ ऑगस्ट

सुनावणी. एक्झामिनर तरुण नाही. माझ्याच वयाची बाई, चष्मा कपाळावर. तिने शांतपणे विचारलं की जाणकाराला आपोआप कळत असेल, तर तुमच्या माणसाने शोधलं काय? आणि कळत नसेल, तर तुम्ही ते सांगितलं का नाही?

मी पाण्याचा ग्लास मागितला. पाणी प्यायलो. दुसरा मागितला.

२८ ऑगस्ट

अर्ज नामंजूर.

३० ऑगस्ट

निश्चय: दादांना स्वतः जाऊन, समोर बसून, सगळं सांगायचं.

२ सप्टेंबर

त्यांची पाळी बदललीय.

६ सप्टेंबर

आज गेलो होतो. शेजारचे लोक येऊन बसले होते, बोलता आलं नाही. हवापाण्याच्या गप्पा झाल्या.

१० सप्टेंबर

कळलं सगळ्यांना. कंपनीत साहेबांनी नेटवर बघितलं आणि दादांना बोलावून सांगितलं. संध्याकाळी दादा आमच्याकडे आले. ही माझ्याकडे वळून विचारणार, एवढ्यात दादाच म्हणाले, चूक माझीच गं, अंतराचा आकडा त्यांना द्यायला मीच विसरलो. वय झालं आता.

ही रडली. दादाला एवढं कसं सुचलं नाही, म्हणाली. दादा हसले. मी कपातला चहा ढवळत होतो. साखर मी घेतच नाही.

११ सप्टेंबर

शांतपणे विचार केला. दादा शोध सांगायला आले त्या दिवशी ऑफिसच्या बाहेर ड्रिल चालू होतं. दादांचा आवाजही तसा खालचा. आकडा त्यांनी सांगितला असेलही, पण नीट सांगितला होता का? आज तरी मला ठामपणे आठवत नाही. माणसाने उगाच स्वतःला दोष लावून घेऊ नये, प्रकृतीवर परिणाम होतो.

५ नोव्हेंबर

कंपनीने सगळ्या मशीनना पत्रा बसवला. अर्ज सगळ्यांना वाचायला खुला आहे, पेटंट कोणाचंच नाही, अडवणार कोण? योग्य अंतर त्यांना तीन आठवड्यांत सापडलं. चाळीस.

दादा सांगत होते, पत्रा झकास चालतो. मशीन दिवसभर थांबत नाही. पूर्वी बर्फ वितळवायला तासभर बंद करायचे, तेव्हा सगळे बाहेर मागच्या भिंतीशी उन्हात उभे राहायचे. दिवसाचे दोन तास. आठातले सहा आत, दोन बाहेर. आता बाहेर यायचं कारणच उरलं नाही. बाकीचे फिटर गमतीने विचारतात, दादा, कुठून सुचलं तुम्हाला? म्हणजे गमतीनेच विचारतात असं दादा म्हणाले.

मी म्हणालो, शोध यशस्वी झाला हे महत्त्वाचं. दादांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग खोकत राहिले.

२६ नोव्हेंबर

दादांना दवाखान्यात ठेवलंय. मशीनसमोरच खाली बसले. नाकात नळी, नखं निळसर. ही दिवसरात्र तिथेच आहे. मी दुपारी जाऊन पलंगापाशी बसलो. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तो हात गरम करावा म्हणून मी चोळत बसलो, पण होईना. मला भीती वाटते. इथे दुसरं काही लिहावंसं वाटत नाही.

२७ नोव्हेंबर

निश्चय: दादा बरे झाले की हिला सगळं सांगायचं. आकडा, खोडणं, सगळं. तारीख नंतर ठरवतो.

२ डिसेंबर

दादांना उद्या घरी सोडणार. काही दिवस आमच्याकडेच राहतील. डॉक्टर कंपनीला द्यायची चिठ्ठी लिहीत होते. ही औषधं आणायला खाली गेली होती. मी काय करतो ते डॉक्टरांना माहीत आहे. म्हणाले, तुमचं रोजचंच काम आहे हे, बघा बरं, एवढं पुरेल? लिहिलं होतं: ‘यांनी यापुढे थंडीत काम करू नये.’

मी घाबरलो. किती टोकाचं वाक्य! कंपनी म्हणेल, मग आमच्याकडे कामच नाही, घरी बसा. सगळे दरवाजे बंद. थोडी जागा ठेवायला हवी. मी सुचवलं: ‘यांनी शक्यतो थंडीत काम टाळावे.’ दोन्ही बाजू मोकळ्या राहतात, कोणी दुखावत नाही. डॉक्टरांनी खांदे उडवले, कागद फाडून नवीन लिहिला, सही केली.

दादा जागेच होते. छताकडे बघत होते.

बऱ्याच दिवसांनी कामी आल्यासारखं वाटलं. ही वर आली तेव्हा मी पिशवी धरली.

८ डिसेंबर, सकाळी ६.३०

काल साहेबांनी चिठ्ठी वाचली. पाच मिनिटं लागली. म्हणाले, डॉक्टरांनी शक्यतो म्हटलंय, सध्या माणसं कमी आहेत, आम्हाला शक्य नाही.

दादा आज पहाटेच्या पाळीला गेले. एकावर एक दोन स्वेटर, त्यावर माझा. ही दारात चिठ्ठी घेऊन उभी होती. पुन्हा पुन्हा वाचत होती. शक्यतो हा शब्द यात कोणी घातला, म्हणाली.

दादा वाकून बुटाची नाडी बांधत होते. वर न बघता म्हणाले, डॉक्टरांनी.

ही माझ्याकडे बघत राहिली. दादाही थांबले, नाडी हातात तशीच धरून.

मी म्हणालो, हो, डॉक्टरांनीच.