एका बाजूची मिठी

प्रिय मार्लिस,

बेर्निसने काल मला चर्चच्या दारातच गाठलं आणि तिच्या काचेच्या भांड्याची चौकशी केली. तेच गं, ओव्हनात भाजलेली बटाट्याची हॉटडिश भरून तुझ्याकडे आलेलं, बुडाला चिकटपट्टीवर तिचं नाव लिहिलेलं. भांडं तिला हवंच आहे, पण खरं तर तिला तुझी तब्येत विचारायची होती. मी म्हटलं, ठणठणीत आहे. तर म्हणते, "बघ, आपल्या प्रार्थनेच्या साखळीत केवढं बळ आहे!" मी नुसती मान डोलावली. दुसरं काय करणार? सगळ्या बायकांना फोन करून सांगू, की बायांनो, तुम्ही ज्या गाठीसाठी गुडघे टेकलेत ती गाठ नव्हतीच, पिस्तूल होतं? मला ह्याच गावात मरायचंय.

हस, हस. मीही आता हसते. पण मला सगळं एकदा माझ्या बाजूने लिहून काढायचंय, कारण फोनवर आपण दोघी एकमेकींचं वाक्य पुरं होऊ देत नाही. आणि ऑगस्ट तोंडावर आला. ब्रिटाचा तुझ्याकडचा आठवडा. "माझी नात तुझ्या घरात पाऊल टाकणार नाही," असं मी तुला तोंडावर सांगून बसले, आणि ती पोरगी रोज सकाळी दुधात चमचा ढवळत मला विचारते, की मार्लिसकडे कधी जायचं. कारिनने हात वर केलेत. म्हणते, "आई, तुझी बहीण, तुझं भांडण, तूच ठरव." पोटच्या लेकीने असं अंग काढून घेतल्यावर बोलायचं कुणाशी?

सुरुवात झाली ती जुलैतल्या आपल्या घराण्याच्या मेळाव्यात. तळ्याकाठी एवढं उकडत होतं की जेलीचं सॅलड टेबलावर वितळून वाहायला लागलं, आणि तू अंगात तो लांबलचक ढगळ सदरा घालून आलीस. पाण्यात उतरली नाहीस. दरवर्षी पहिला ग्लास तुझा असतो, ह्या वेळी वाइनला हात लावला नाहीस. हातातला चमचा खाली पडला तर कंबरेत वाकण्याऐवजी गुडघे मोडून, पाठ ताठ ठेवून खाली बसलीस, म्हाताऱ्या बाईसारखी. बसल्या बसल्या उजव्या कुशीकडे हात जायचा. आणि मिठी! लहानपणापासून तू मला मिठी मारतेस ती बरगड्या मोडतील अशी. त्या दिवशी डावा खांदा पुढे केलास, एक हात माझ्या पाठीवर थोपटलास आणि बाजूला झालीस. आईने पोटातलं दुखणं असंच सैल झग्याखाली लपवलं होतं, आठवतंय ना? तीही शेवटच्या वर्षी कुणाला अंगाला लागू देत नसे.

तुला सरळ विचारलं असतं, पण आपल्या घराण्यात सरळ कोण विचारतं? आपल्याकडे माणूस आजारी दिसला की हवापाण्याच्या गप्पा मारायच्या आणि चर्चच्या बाईला फोन करायचा. मी बेर्निसला एवढंच म्हटलं, "मार्लिससाठी प्रार्थना कर, जास्त विचारू नकोस." तिने पुढचीला फोन केला, पुढचीने तिच्या पुढचीला. साखळी फिरून परत माझ्याकडे आली तेव्हा तुला मोठ्या आतड्याची गाठ होती, रॉचेस्टरच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन ठरलं होतं, आणि तू फार धीराने घेत होतीस. आणि मी, शहाणी, तेही खरं मानलं! मला वाटलं, माझ्यापासून लपवून तू दुसऱ्या कुणाला तरी सांगितलंस. त्याचंच जास्त लागलं मला.

मग तुझ्या दारात भांडी यायला लागली. तू गाडीच्या मागच्या सीटवर ती सगळी रचून तणतणत माझ्याकडे आलीस आणि स्वयंपाकघरात उभी राहून ओरडलीस, "व्हर्ना, मी मरतेय का गं? कारण अख्ख्या परगण्याला माहीत आहे, मलाच कुणी कळवलं नाही!" मी रडायलाच लागले. म्हटलं, आता तरी लपवू नकोस, दाखव मला, काय आहे तिथे. तू सदऱ्याचं टोक वर केलंस. मी पट्टीची, पिशवीची, टाक्यांची तयारी केली होती मनाशी. आणि दिसलं काय, तर कंबरेला काळं पिस्तूल. माझ्या तोंडून पहिलं जे निघालं ते तू मला मरेपर्यंत ऐकवणार, मला माहीत आहे. "देवा, तुझे उपकार! पिस्तूलच आहे नुसतं!"

जीव भांड्यात पडला माझा, मार्लिस. खुर्ची ओढून मी बसलेच. आपण दोघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. आणि मग हसता हसता माझ्या डोक्यात शिरलं, की ही बाई माझ्या स्वयंपाकघरात, टेबलापाशी, भरलेलं पिस्तूल घेऊन उभी आहे. पुढचं तुला माहीत आहे. तू परवाना काढलास, पिस्तुलाची शिकवणी काढलीस, गुन्ह्यांचे आकडे काढलेस. मी आपल्या भावाला, ऑरिनला काढलं. तू म्हणालीस, "साठ वर्षं झाली, व्हर्ना. अजून किती दिवस त्याला दारात उभा करणार आहेस?" तेव्हाच मी ब्रिटाचं बोलून गेले. तू भांडी उचललीस आणि एका बाजूचीही मिठी न मारता निघून गेलीस.

मला वाटलं होतं आता ख्रिसमसपर्यंत तोंड दाखवणार नाहीस. तू आठवड्यातच आलीस, न कळवता. मी लाटणं हातात घेऊन दारात आले, आणि बाकीची हत्यारं जिभेवर तयार होती. तू आत येऊन टेबलावर एक छोटी किल्ली ठेवलीस. म्हणालीस, "ते गाडीत आहे, पेटीत, कुलपात. मी इथे आहे तोवर किल्ली तुझ्याकडे." मी ती एप्रनच्या खिशात टाकली आणि कॉफी ओतली. म्हटलं, आता ही आकडे काढेल. पण तू म्हणालीस, "मी भांडायला नाही आले. मला ऑरिनबद्दल सांग. मी तेव्हा पाळण्यात होते. तो कसा गेला एवढंच मला माहीत आहे. तो कसा होता, हे ह्या घरात मला कुणी सांगितलंच नाही."

मी काय काय बोलत सुटले ते मला नीट आठवतही नाही. तो शेंगदाण्याचं लोणी बोटाने चाटायचा म्हणून आईचा मार खायचा. सायकलच्या टोपलीत कोंबडी बसवून गावभर फिरायचा, आणि कोंबडी बसायची! तुला धान्याच्या बादलीत घालून अंगणातून पळायचा, आणि तू खिदळायचीस. मग तो दिवस. बाबा शिकारीहून आले, बंदूक मागच्या ओसरीत भिंतीला टेकवली आणि एक घोट कॉफी घेऊन येतो म्हणाले. रिकामी आहे असं समजले होते. ऑरिन कुत्र्याला आवरायला ओसरीत गेला. मी भोपळ्याच्या गोड पाईचे तुकडे कापत होते, तेव्हा बार ऐकू आला. सुरी मी अगदी हळू खाली ठेवली, एवढं आठवतं. त्यानंतर बाबांनी बंदूक हातात धरली नाही, आणि त्याचं नावही घेतलं नाही. मी अकरा वर्षांची होते, मला वाटलं नाव घ्यायचं नसतं. तू माझा हात धरून बसलीस. साठ वर्षांत मी पहिल्यांदा त्याच्यासाठी कुणासमोर रडले, आणि इतकं मोकळं वाटलं की तुला काय सांगू.

मग मी विचारलं, आता तू सांग, का? आणि तू सांगितलंस ते क्वालेंच्या रिकाम्या घराचं, जे तू गिऱ्हाइकाला दाखवायला गेली होतीस. घर बघायला आलेला तो माणूस, आत आल्यावर त्याने पाठीमागे दाराला लावलेली कडी, आणि हसत हसत विचारलेला प्रश्न, की तू इथे आहेस हे कुणाला माहीत आहे का. तू तळघराच्या दाराने बाहेर पडून मक्याच्या धसकटांतून एका पायातला बूट गमावून धावलीस. घरी पोचून कुणाला सांगणार? नवरा असता तर गोष्ट वेगळी, पण ड्वेन तर आधीच वारलेला. म्हणालीस, "तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, घरं विकायचं काम सोड." बरोबर आहे. म्हणालेच असते. अजून म्हणेन.

मी मग तुला प्रश्न विचारले, सरकारी वकिलासारखे. घरात ते कुठे असतं, ब्रिटा असेल तेव्हा कुठे असेल, कुलूप कोणतं. तू सगळ्यांची उत्तरं दिलीस, एकदाही उलटून बोलली नाहीस. शेवटी मी विचारलं, आणि विसरलीस तर? मला वाटलं, आता ही म्हणेल, मी कधीच विसरत नाही. बाबाही तेच म्हणायचे. तू कप बशीत ठेवलास आणि म्हणालीस, "विसरू शकते, व्हर्ना. म्हणूनच सवय लावून घेतेय. पण विसरू शकते." सगळ्या आकड्यांनी जे केलं नव्हतं ते त्या एका वाक्याने केलं. माझं मत बदललं नाही हं. पण माझा तुझ्यावरचा राग त्या टेबलावरच उतरला.

आणि लगेच तू विसरलीसच! किल्ली माझ्या खिशातच राहिली, तू घरी निघून गेलीस. कपडे धुताना मला सापडली. मी फोन केला तर म्हणालीस, पेटी ड्वेनची जुनी, तिची दुसरी किल्ली त्याने कधीतरी "सुरक्षित जागी" ठेवली होती, म्हणजे आता ती देवालाच माहीत. म्हणालीस, पोस्टाने पाठव, घाई नाही. आणि मार्लिस, मी पाठवली नाही. पाकिटावर पत्ता लिहिला, तिकीट लावलं आणि ते फ्रिजवर चुंबकाखाली अडकवून ठेवलं. खूश होते मी. म्हटलं, सुटला प्रश्न! पिस्तूल पेटीत बंद, किल्ली माझ्या फ्रिजवर, आता ब्रिटाला पाठवायला हरकत काय? वाद घालायलाच नको. गाणं गुणगुणत मी घर झाडलं त्या दिवशी.

मग गुरुवारी तू फोनवर बोलता बोलता सहज म्हणालीस, की आज दुपारी खडीच्या रस्त्याच्या टोकाचं ते जुनं फार्म दाखवायला जातेय, कुणी एक माणूस आहे, आडनाव सांगितलं नाही, रोख पैसे देतो म्हणतो. मी म्हटलं, बरं, जपून जा. फोन ठेवला आणि माझी नजर फ्रिजवर गेली. त्यानंतर मी काय केलं ते तुला सांगितलेलं नाही. ओव्हनमधल्या ओटच्या वड्या जळून कोळसा झाल्या. ब्रिटा म्हणाली, "आजी, खिडकीत काय बघतेस?" खिडकीतून काय दिसणार, तुझं गाव? मी तुला फोन लावत होते आणि तो वाजत राहत होता. हातात ती किल्ली होती. मी, व्हर्ना, जिने आयुष्यभर बंदुकीच्या दुकानासमोरून जाताना रस्ता ओलांडला, मी त्या खिडकीत उभी राहून देवाला म्हणत होते, की तिच्याकडे ते असायला हवं होतं. आणि मग तुझा फोन आला, की तो निवृत्त मास्तर निघाला, गुडघा दुखतो म्हणून जिना चढलाच नाही, आणि घर काही घेत नाही. तू त्याच्यावर वैतागली होतीस. मी म्हटलं, "वाईट झालं," आणि फोन ठेवून जमिनीवरच बसले. ब्रिटाने मला पाणी आणून दिलं.

तेव्हा ऐक. किल्ली ह्या पाकिटात शोधू नकोस. ती मी स्वतः घेऊन येतेय, शनिवारी, ब्रिटाबरोबर, आणि ह्या वर्षी आठवडाभर मीही राहणार आहे, माझ्या उशीसकट. मला अजूनही ते आवडत नाही आणि आवडणारही नाही, तेव्हा मला पटवायच्या भानगडीत पडू नकोस. बेर्निसचं भांडं धुऊन ठेव. मी गाडीतून उतरेन तेव्हा ते पेटीतच असणार, म्हणून मला दोन्ही हातांची मिठी हवी आहे, बरगड्या मोडणारी. आठवडाभर किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात राहील. घर दाखवायला निघालीस की माझ्याकडून मागून घे, मी कुरकुर न करता देईन. फक्त रोज संध्याकाळी ती मला परत आणून दे, मार्लिस. तू स्वतः येऊन, माझ्या हातात.

तुझीच,
व्हर्ना