अस्वलाचा डावा डोळा

प्रिय अब्बा,

शाळेतून आले ती हातही न धुता लिहायला बसले. नखांत अजून काळा रंग आहे. तुमच्या भिंतीवर मी डोळे काढायला घेतले होते आणि आता मला भीती वाटतेय. अम्मीला हे सांगवत नाही. मग कोणाला सांगू?

कळंब रस्त्यावरच्या शाळेची ती लांब भिंत आठवते ना, जगातले नैसर्गिक प्रदेश रंगवलेली? तुम्ही बर्फ पाहिला तो लग्नातल्या सरबताच्या टबात, तरी टुंड्रा असा काढलात की मे महिन्यात मुलं तिथे पाठ टेकून बसायची. जमीन आतून बारा महिने गोठलेली, झाड एकही नाही, दगडांवर शेवाळ आणि पांढरं अस्वल. मग तैगाची सूचिपर्णी झाडं, गवतातले झेब्रे, वाळवंटातला उंट, विषुववृत्ताजवळचं जंगल, इतकं दाट की खाली ऊन पोचत नाही. शेवटी आपलं रान: पाणी वाचवायला उन्हाळ्यात पानं गाळून उभा साग, त्याखाली वाघ.

सगळे बिनडोळ्यांचे.

"डोळे काहून नाही काढत, अब्बा?" मी विचारलं होतं. ब्रश पुसत तुम्ही म्हणालात, "बेटा, उद्या थे जनावर मले म्हणन, आता जान बी टाक. कुठून आणू मी?" तुम्ही हसलात, म्हणून मी ते थट्टेवारी नेलं. पोरं तिला आंधळी भिंत म्हणायची. तुम्हाला त्याचं काही वाटत नसे.

तुम्ही गेल्यावर शाळेच्या नव्या मोठ्या बाईंनी मला बोलावलं. "लहान पोरं भिऊन राह्यली त्या भिंतीले. डोळे काढून दे, नाही तर चुना मारा लागन." मी हो म्हटलं. दुकानांवरच्या तुमच्या पाट्या फ्लेक्सने केव्हाच खाल्ल्या. एवढी एकच निशाणी उरली होती.

काल अस्वलापासून सुरुवात केली. ऊन मी म्हणत होतं, आणि डोळे पुरे झाले तेव्हा माझी बोटं गारठली होती. मागे सरून पाहिलं. अब्बा, ते डोळे तुमचे होते. मी अस्वलाचेच काढत होते हो. डावी पापणीसुद्धा तुमच्यासारखी जराशी कललेली.

मी उंटाकडे गेले, वाघाकडे गेले, तरी ते माझ्याकडेच बघत होते. आणि वाघाची मान थोडी वळल्यासारखी वाटली.

तुम्ही मला अडवत होता का? दवाखान्यात तुमचे डोळे मीच मिटले, तेव्हा डावा पुरता मिटलाच नाही. अम्मी म्हणाली, "कोणाले तरी पाहाचं राह्यलं त्याईले." कोणाला, ते मी अजून स्वतःला विचारतेय.

आज सकाळी उपाय सुचला. डोळ्यांऐवजी मिटलेल्या पापण्या काढल्या. झेब्रे झोपले, उंट झोपला, वाघही झोपला. बाई खूश झाल्या. मग अस्वलाच्या डोळ्यांवर पांढऱ्या रंगाचा हात मारून त्यालाही पापण्या ओढल्या. उजवा मिटला. डाव्यातून काळं वर येतंय. पुन्हा हात मारला, पुन्हा आलं. पोरं म्हणतात, अस्वल झोपेचं सोंग घेऊन राह्यलं.

आता मी त्याच्यावर रंग लावणार नाही. शाळा भरायच्या आधी रोज त्याच्यासमोर येऊन उभी राहीन, तुमचं पाहून होईपर्यंत. हा माझा शब्द.

फक्त वाघाला उठवू नका.

तुमची,
नसीम